उंदीर पडल्याची खबर कोण घेणार?



आम्ही मुळशी तालुक्यातल्या रिहे गावचे. आमचे पीक भाताचे, तुमचे कापसाचे आणि ज्वारीचे. आमच्यावर पावसाला 'आता पुरे' म्हणायची वेळ येते, तुमच्यावर 'आता तरी ये' म्हणायची. तरीही मेळाव्याच्या या अंकात आम्ही तुमच्यासाठी लिहायला बसलो आहोत, कारण ज्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे ती भातवाला आणि कापूसवाला असा भेद करीत नाही. ती गोष्ट म्हणजे ताप. रानातल्या जनावरातून, उंदीर-माकडातून, पिसू-गोचिडातून माणसात उतरणारा ताप.

आधी आमच्या घरचे सांगतो. मागे एकदा आमच्या डोंगरकडेच्या शिवारात दोन वानरे मरून पडलेली दिसली. अंगावर जखम नाही, विजेची तार जवळ नाही, कुत्र्यांनी ओढल्याची खूण नाही. आमच्यातला एक जण शहाणपणा करून एका कार्यालयात खबर द्यायला गेला. पहिला प्रश्न आला, "मारली कोणी?" दुसरा आला, "तू तिथे काय करीत होतास?" वानरे कशाने मेली असतील, हा तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारलाच नाही. अर्धा दिवस मोडला, कागदावर सही घेतली, नक्कल दिली नाही. वानरांचे पुढे काय झाले ते आजतागायत कळले नाही. त्यानंतर आमच्यापैकी कोणीही मेलेल्या जनावराची खबर द्यायला गेलेला नाही. माती लोटायची आणि गप्प बसायचे, असे ठरून गेले.

हे गप्प बसणे किती महाग पडते, हेच आज सांगायचे आहे.

मामला गावाचा उंदीर

बीड जिल्ह्यातले मामला हे गाव तुमच्या-आमच्यासारखेच कोरडवाहू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्याचे हादरे दूरवर बसले. तडे गेलेल्या घरात झोपायला लोक धजेनात. माणसे बाहेर राहिली आणि धान्य आत राहिले. रिकाम्या घरात भरलेल्या कणग्या म्हणजे उंदरांची दिवाळीच. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टात, गावात उंदीर मरून पडू लागले. मग पिसवांचा त्रास सुरू झाला. लोकांनी तो बोलूनही दाखवला. सप्टेंबरात जांघेत, काखेत गाठी येऊन माणसे तापाने फणफणली. त्याच महिन्यात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बोंब उठली. लाखो लोक शहर सोडून पळाले, विमाने रद्द झाली, परदेशांनी आपला माल अडवला. देशभरात पन्नासच्या वर माणसे दगावली.

क्रम नीट पाहा. आधी उंदीर, मग पिसू, मग माणूस. उंदीर पडला आणि माणूस आजारी पडला, यांच्यामध्ये काही आठवडे होते. ते आठवडे म्हणजे देवाने दिलेली मुदत. पेरणीआधी पावसाचा अंदाज मिळावा तशी ती खबर होती आणि ती गावातल्या माणसाला मिळाली होती, मुंबई-दिल्लीला नव्हे.

हे असे का होते, तेही समजून घेऊ. प्लेगचा जंतू मुळात रानातल्या, बांधावरच्या उंदरांत मुरलेला असतो. त्यातल्या काही जातींना तो फारसा बाधत नाही. एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर तो पिसवांच्या मार्फत फिरत राहतो. रानउंदीर आणि घरउंदीर यांची गाठ पडली की पिसू बदलते. घरउंदराला हा जंतू सोसत नाही, तो पटापट मरतो. उंदीर थंड पडला की पिसू त्याला सोडते आणि गरम रक्त शोधत निघते. तेव्हा तिच्यासमोर असतो तो माणूस. उंदीर हे जंतूचे कोठार, पिसू हा हमाल आणि आपण वाटेत सापडलेले वाटसरू. पिसू हा प्लेगचा हमाल आहे हे पॉल लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली कराचीत दाखवून दिले.

यातूनच एक साधा नियम निघतो, पण घाईत तो कोणाच्या लक्षात राहत नाही. रोगाने उंदीर पडू लागले की आधी पिसू मारायची, उंदराचे औषध नंतर. आधीच विष घालून उंदीर मारले तर त्यांच्या अंगावरची सगळी पिसवांची फौज आपण आपल्याच अंथरुणात बोलावून घेतो.

बंदुकीने रोग जात नाही, लपतो

आमच्या पुणे जिल्ह्याला प्लेगची जुनी ओळख आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सरकारने रँड नावाचा अधिकारी नेमला. गोरे सोजीर घरात घुसले, देवघरे बाटवली, बायाबापड्यांना रस्त्यावर तपासले. लोकांनी काय केले? रोगी माळ्यावर लपवले, मढी गुपचूप उचलली. रोग थांबला नाही, फक्त दिसेनासा झाला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्याच साली, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत होत्या. त्या सेवेतच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. एक माणूस सोजीर घेऊन दारात आला, एक बाई रिकाम्या हाताने आली. रोगी कोणापासून लपवले गेले आणि कोणाकडे आणले गेले, हे वेगळे सांगायला नको.

सव्वाशे वर्षांनंतरही सरकारी खाती हा धडा शिकली आहेत असे वाटत नाही. आता सोजीर नाही, पण 'मारली कोणी?' हा प्रश्न आहे. ज्या खबरीवर खटल्याची भीती आहे ती खबर कोणी देत नाही.

माकडताप सह्याद्रीने उतरला

दुसरे उदाहरण आमच्या डोंगराचे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे मरून पडत होती आणि भोवतालच्या गावांत माणसे तापाने आडवी होत होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या माणसांनी तो विषाणू शोधून काढला. हेच केंद्र आज राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखले जाते. रोगाला नाव पडले क्यासनूर जंगल रोग, आपल्या लोकांनी म्हटले माकडताप. पुष्कळ वर्षे तो शिमोग्याच्या आसपास राहिला. मग सरकत सरकत २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात आला आणि २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात. काजूच्या बागेत राबणारी माणसे, लाकूडफाटा आणि पाला गोळा करणाऱ्या बाया त्याला बळी पडल्या. तो येतो साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका काजूच्या हंगामात.

इथला हमाल गोचीड. रानातले लहान प्राणी आणि माकडे यांच्यात विषाणू फिरतो. माकड मेले की त्याच्या अंगावरचे गोचीड तिथेच पाल्यात उतरतात आणि ती जागा पुढे बरेच दिवस धोक्याची राहते. म्हणूनच मेलेल्या माकडाभोवतीच्या पन्नास फुटांत गोचीडनाशक टाकायची पद्धत आहे. हे काम वेळेवर झाले तर पुढचा माणूस वाचतो. आणि वेळेवर कधी होईल? माकड पाहणाऱ्याने सांगितले तर. तिथेही पहिली खबर गुराख्याच्या आणि मोळीवालीच्या हाती असते.

आपल्या गुरांचाही यात हात आहे, हे कबूल केले पाहिजे. गुरांना माकडताप होत नाही, पण जंगलात चरणाऱ्या जनावराच्या रक्तावर मोठे गोचीड पोसतात आणि त्यांची वीण वाढते. गोठ्यात परतणाऱ्या गाईच्या कानामागे हात फिरवून बघणे हे दुधाइतकेच घराच्या तब्येतीचेही काम आहे.

माकडताप माणसापासून माणसाला होत नाही. ताप आलेल्या घरावर बहिष्कार टाकायचे काही कारण नाही. पूर्वी त्याची लस होती. ती पुरेशी चालत नाही असे दिसल्यावर २०२२ पासून ती थांबवली गेली आणि नव्या लसीचे काम चालू आहे. तोवर अंगभर कपडा, अंगाला लावायचे तेल आणि वेळेवर खबर, एवढीच ढाल आहे.

तुमच्या बांधावरचा किडा

तुम्ही म्हणाल, ही झाली डोंगरातली कथा. आमच्या पऱ्हाटीत ना माकड ना काजू. तर मग तुमच्या शिवारात येऊ.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भाच्या इतर जिल्ह्यांत तापाने माणसे दगावू लागली. हिवताप तपासला, नाही निघाला. डेंग्यू तपासला, नाही निघाला. निघाला स्क्रब टायफस. नावात टायफस असले तरी हा टायफॉइड नव्हे. बांधावरच्या गवतात, झुडपात डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक किडा असतो. त्याचे पिल्लू उंदराच्या अंगावर जगते आणि गवत कापणाऱ्या, निंदणी करणाऱ्या माणसाच्या अंगावर चढते. कपडा जिथे अंगाला घट्ट बसतो तिथे, कमरेला, काखेत, जांघेत ते चावते. पुष्कळदा तिथे विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते. ती दुखत नाही, म्हणून कोणी दाखवत नाही. आठ-पंधरा दिवसांनी ताप येतो, डोके ठणकते, अंग मोडून येते.

यातली संतापाची गोष्ट पुढे आहे. या रोगावर डॉक्सिसायक्लिन नावाचे जुने, स्वस्त औषध आहे. वेळेवर सुरू झाले तर बहुतेक रोगी एक-दोन दिवसांत सावरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांना धक्का बसतो आणि मग लाखाचे बिल देऊनही माणूस हाती लागत नाही. म्हणजे माणूस औषध महाग म्हणून मरत नाही, खपली कोणी पाहिली नाही म्हणून मरतो. ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये ताप आला तर डॉक्टरला आपणहून सांगा, "शेतात काम करतो, गवत कापतो, अंगावर खपली आहे का बघा." औषध आणि त्याची मात्रा डॉक्टरच ठरवील. पण प्रश्न आपण घालायचा.

आणि हा हंगाम कोणता? निंदणीपासून पहिल्या वेचणीपर्यंतचा. घरातला कर्ता माणूस तीन आठवडे खाटेवर पडला तर बोंडे शेतात फुटून राहतात, मजूर दुसऱ्याच्या रानात जातात, आणि दवाखान्यासाठी काढलेले कर्ज येणाऱ्या कापसावर चढते. तापाचा हिशेब आरोग्य खात्याच्या वहीत असतो तो वेगळा आणि आपल्या घरातला वेगळा.

आमच्या भातखाचरांत लेप्टो आहे. उंदराच्या मुतातून तो पाण्यात उतरतो आणि पायाच्या चिरेतून आत शिरतो. तुमच्या बांधावर स्क्रब टायफस. नावे दोन, पण दोन्हीकडे उंदीर आहे, राबणारा माणूस आहे आणि मध्ये झालेला उशीर आहे.

मग सगळी जनावरे मारून टाकायची का?

काही जण असे म्हणतात आणि पिकाची नासाडी सोसणाऱ्याला तसे वाटले तर आम्ही त्याला दोष देणार नाही. रानडुकराने नांगरल्यासारखे केलेले शेत आम्हीही पाहिले आहे. पण पिकाच्या नुकसानीचा प्रश्न वेगळा, त्याची भरपाई वेगळी मागू. रोगाच्या बाबतीत मारणे हा उलटा उपाय ठरतो. उंदरांचे वर सांगितलेच. वटवाघळांचेही तेच. २०२० साली महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या, असे पुण्याच्याच विषाणू संस्थेने २०२१ साली सांगितले. लगेच काहींनी वटवाघळे धुरी देऊन हाकलायची भाषा सुरू केली. महाराष्ट्रात तोवर माणसात निपाह आढळला नव्हता. गुहेत शिरून, धुरी देऊन, मेलेली वटवाघळे हाताने उचलून तो आपणच घरी आणू शकतो. गुहेत जाऊ नका, वटवाघळाने कुरतडलेले फळ खाऊ नका, एवढे पुरे.

जनावर नाहीसे झाल्यानेही रोग येतो, हे गिधाडांनी दाखवले. नव्वदच्या दशकात गिधाडे दिसेनाशी झाली. मेलेले ढोर हद्दीबाहेर ओढून नेणाऱ्यांना ते सर्वांत आधी कळले. पूर्वी तासाभरात साफ होणारा सांगाडा आता आठवडाभर सडत राहू लागला. त्यांना कोणी विचारले नाही. गुरांच्या दुखण्यावर टोचायच्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडे मरत होती, हे २००४ साली उघड झाले आणि २००६ साली गुरांसाठी ते औषध बंद झाले. तोवर ढोरांवर कुत्री पोसली जाऊ लागली होती. पिसाळलेले कुत्रे कोणाला चावते, तर पायी चालणाऱ्याला, पोराला आणि राखणदाराला.

आमचे म्हणणे एवढेच

२०२२ च्या डिसेंबरात नागपूरला 'एक आरोग्य' संस्थेची कोनशिला बसली. माणूस, जनावर आणि रान यांच्या तब्येतीचा एकत्र विचार करायचा, असा तिचा हेतू आहे. हेतू चांगला आहे, आमचा विरोध नाही. पण नागपुरात कितीही मोठी प्रयोगशाळा उभी राहिली तरी तिला नमुना मिळणार शिवारातून, आणि शिवारात पहिला डोळा शेतकऱ्याचा. त्या डोळ्याची किंमत शून्य धरून चालवलेली योजना म्हणजे विहीर बांधून दोर न देणे.

कोणी म्हणेल, प्रत्येक मेलेल्या उंदराची खबर घेत बसलो तर कचेऱ्या बंद कराव्या लागतील, अफवा पसरतील. आम्ही प्रत्येक उंदराचे म्हणत नाही. एकाच जागी चार-दोन दिवसांत विषाशिवाय अनेक उंदीर पडणे, जखमेशिवाय माकड मरणे, एका वस्तीत एका आठवड्यात तीन-चार घरांत सारखा ताप येणे, ही खबर. एवढा फरक आम्हाला कळतो. पाऊस आणि शिडकावा यातला फरक कळतो तसाच. आणि अफवा पसरते ती खबर घेतली नाही म्हणून. मामल्याची खबर वेळेत घेतली असती तर सुरतेच्या अफवेला एवढे पाय फुटले असते का, याचा विचार विचारणाऱ्यांनीच करावा.

म्हणून जिल्हा मेळाव्यापुढे आम्ही हे ठराव ठेवीत आहोत.

१. मेलेल्या माकडाची, उंदरांची किंवा वस्तीतल्या तापाची खबर देणाऱ्या शेतकऱ्याला तारीख-वेळ घातलेली लेखी पोच मिळावी, मग तो वन खात्याकडे जावो, आरोग्य उपकेंद्रात की पशुवैद्यकीय दवाखान्यात. एका ठिकाणी दिलेली खबर तिन्ही खात्यांनी आपली मानावी.

२. खबर देणाऱ्यावर केवळ खबर दिली म्हणून चौकशी लावू नये.

३. नमुना नेला तर त्याचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावा. रोग नाही निघाला, तर तेही लिहावे.

४. पावसाळ्यापासून वेचणी संपेपर्यंत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात स्क्रब टायफस आणि लेप्टोची तपासणी व औषध असलेच पाहिजे.

आणि आपल्या बाजूचे काम? मेलेल्या जनावराला हात लावायचा नाही, पोरांना आणि कुत्र्यांना लांब ठेवायचे. कणगी जमिनीपासून उचलून ठेवायची. कडब्याची गंजी घराच्या भिंतीला टेकवायची नाही. गवत कापून आल्यावर कपडे बदलून अंग धुवायचे. आणि पुन्हा एकदा खबर द्यायला जायचे. हे शेवटचे आम्हालाही जड जाणार आहे, त्या अर्ध्या दिवसाची आठवण अजून आहे. पण या वेळी एकटा जाणार नाही, चार जण जाऊ. अर्ज दोन प्रतींत नेऊ. एक त्यांना देऊ, दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय उठणार नाही.

तुमच्या गावातही असेच चार जण ठरवा. ते ठरले की मेळाव्यात आमच्याशी बोला. रिहेची माणसे डाव्या हाताला, पाण्याच्या पिंपाजवळ बसलेली असतील.